एकतीस नंबरचा कोट

डिसेंबरातल्या त्या सकाळी व्हाल्मा हॅनाफोर्ड ब्रॅम्लीच्या मैदानाकडे निघाली ती भांडायच्या तयारीनेच. एका हातात घडीची खुर्ची, खांद्याला चहाचा थर्मास आणि चॉकलेट-बिस्किटाच्या वड्यांचा डबा, आणि इकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, तरी दंडावर तो जाडजूड लोकरी कोट. कोट राखाडी, पाठीवर किरमिजी कापडाचा भलामोठा ३१. हा कोट ज्याला ठाऊक नाही, तो माणूस ब्रॅम्लीत कालच राहायला आला असं खुशाल समजावं.

भांडायचं कुणाशी हे मात्र ठरलेलं नव्हतं. नोव्हेंबरात ब्रॅम्लीच्या फुटबॉल क्लबाने एकतीस नंबरच्या जाय पेंगेलीचं नाव खेळाडूंच्या यादीतून काढलं, त्यावर भांडण्यासारखं काही नव्हतं. चार हंगामांत पोरगा जेमतेम अकरा सामने खेळला आणि उरलेला वेळ दुखरी मांडी धरून बाकावर बसला. अशांना क्लब पोसत नसतात, हे शेंबडं पोरही सांगेल. व्हाल्माने ती बातमी गिळली. खरा धक्का बसला तो नंतर, स्पिरोच्या दुकानात मासे तळून व्हायची वाट बघत उभी असताना. क्लबाने नव्या पोरांचे नंबर जाहीर केले होते, आणि ३१ हा नंबर मायोम देंग नावाच्या कुणा अठरा वर्षांच्या पोराला देऊन टाकला होता. जायचा शर्ट दोरीवर वाळला तरी होता की नाही कोण जाणे. व्हाल्माने तळलेले मासे तिथेच काउंटरवर सोडले, घरी गेली आणि लोणी-पाव खाऊन झोपली. शुक्रवारचे मासे सोडून बाई निघून गेली म्हटल्यावर स्पिरोला वाटलं, हिच्याकडे कुणीतरी वारलं.

तिच्या लेखी तसंच काहीसं झालं होतं.

इकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातांनीही झेलायचा खेळ, आणि ब्रॅम्ली क्लबाचं चिन्ह बगळा. वर्षातून एकदा सगळे क्लब एकत्र बसून देशभरातल्या कोवळ्या पोरांची नावं पाळीपाळीने उचलतात आणि त्यात तळाच्या क्लबाची पाळी सर्वांत आधी येते. आमचे बगळे तळाशी राहण्यात इतके मुरलेले की या निवडीच्या म्हणजे ड्राफ्टच्या रात्री ब्रॅम्लीत दिवाणखाने भरतात, बिअरच्या बाटल्या फुटतात आणि जिंकल्याचा आनंद साजरा होतो. जिंकायचं ठिकाण एवढंच उरलेलं. मग डिसेंबरात ती पोरं पहिल्यांदा सरावाला उतरतात, तेव्हा हॉर्सफॉल रस्त्याकडच्या कुंपणाशी माणसं जमतात आणि मुलगी बघायला आल्यासारखी पोरं बघतात. चाल कशी आहे, उजवा-डावा पाय सारखा चालतो का, घरचे कोण, मामा कुठे खेळला होता. पसंती-नापसंती तिथल्या तिथे, मोठ्या आवाजात. क्लबात डॉक्टर आहेत, पोरांच्या पळण्याचे आलेख काढणारी शिकलेली मंडळी आहेत, पण कुंपणावरच्यांच्या मते ती पगारी माणसं, त्यांना काय कळतंय?

या कुंपणकर मंडळींत तिघांचा शब्द चाले. डेस्मंड क्विल्टी हा निवृत्त पोस्टमन. तो पोरांचे कुल्ले बघे. ताकद तिथून येते, पायांत नुसती शोभा असते, हे त्याचं मत. स्पिरो कालांझिसचं मासे-बटाट्यांचं दुकान. सराव संपल्यावर पोरं तिथे येत आणि जो दुसऱ्याच्या कागदातले बटाटे न विचारता उचलतो तो मैदानावर चेंडूही तसाच उचलतो, असं स्पिरो शपथेवर सांगे. आणि तिसरी व्हाल्मा. ती काहीच बघत नसे. सराव संपेपर्यंत चहा पीत बसे, आणि कुणाचं लक्ष नसताना पोरगा काय करतो तेवढं टिपे. मग एकाकडे बोट दाखवून मान हलवी. त्या पोराचा नंबर तिच्या कोटावर चढे, आणि कुंपणावरचे निम्मे लोक आपापले कोट आणि मफलर घेऊन तिच्याकडे येत, आमच्याही पाठीवर हाच लाव म्हणत. शिवणयंत्र तिच्याकडेच होतं ना.

चार वर्षांमागे तिने जायला निवडलं होतं. मॅलीच्या गव्हाच्या मुलखातलं पोरगं. ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, गाडी सुटता सुटता कुणीतरी आत ओढावं तसं उचललेलं. पहिल्या दिवशी त्याला चेंडू फारसा मिळालाच नाही. सराव संपला, बाकीचे आत पळाले आणि हा परत मैदानात गेला. म्हाताऱ्या मैदानवाल्याबरोबर सगळे प्लास्टिकचे शंकू गोळा करून त्याने आत नेऊन ठेवले. व्हाल्माने मान हलवली. डेस्मंड म्हणाला होता, "अगं, तुला खेळाडू हवाय की जावई?"

जावई नको होता, मुलगी नव्हतीच तिला. मुलगा होता, तिकडे लांब पर्थला. त्याचा रविवारी फोन येई आणि हवामानावर सुरू होऊन हवामानावरच संपे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शाळेच्या उपाहारगृहात जन्म गेल्यामुळे आवाज मात्र असा कमावलेला, की मैदानाच्या त्या टोकाला उभा असलेला पंचही दचके. तो सगळा आवाज तिने जायला वाहिला. "एकतीऽऽऽस!" अशी तिची आरोळी उठली की लोक हसत आणि टाळ्या वाजवत. त्याच्या वाढदिवसाला ती क्लबात केक पाठवी. एकदा टीव्हीच्या कॅमेऱ्याने तिला कोटासकट टिपलं, मग क्लबाने दोघांचा फोटो काढून हंगामाच्या पोस्टरवर छापला. संघातली पोरं जायला 'आजीचा नातू' म्हणू लागली. व्हाल्माने ते ऐकलं तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं.

आणि बेंडिगोची गोष्ट तर तिने इतक्यांदा सांगितली होती, की डेस्मंड ती तिच्याबरोबर ओठांनी म्हणू शके. राखीव संघाचा सामना, मुसळधार पाऊस, ही दुखरा खुबा घेऊन बसने तिथवर गेलेली. सामन्यात मध्येच जाय कोसळला. सगळे म्हणाले, संपलं. व्हाल्मा कुंपणावर चढायची तेवढी बाकी राहिली. "ऊठ एकतीस! ऊठ!" आणि तो उठला की! उठला आणि शेवटच्या भोंग्यापर्यंत खेळला. "माझ्या हाकेने उठला," ती सांगे, आणि दर वेळी तिचे डोळे भरून येत. ती तिची आयुष्यातली मोठ्यात मोठी कमाई होती, आणि तिने ती जपून ठेवली होती.

तर अशा बाईच्या नातवाचा नंबर क्लबाने परस्पर देऊन टाकला होता.

कुंपणाशी पोचली तेव्हा मंडळी आधीच तापलेली होती. नवा एकतीस, मायोम देंग, शेजारच्याच सनशाइन उपनगराचा. पण बघताक्षणी सगळ्यांची वाचा बसली होती, कारण असं काही ब्रॅम्लीत कुणी पाहिलेलंच नव्हतं. उंच, सडसडीत पोरगा, आणि वर उडाला की खाली यायचं विसरल्यासारखा. चेंडू हवेत असताना तो दोन दांडग्या खेळाडूंच्या मागून आला, एकाच्या खांद्यावर गुडघा टेकवला आणि चेंडू फळीवरून डबा काढावा तसा अलगद काढून घेतला.  इतकी वर्षं पडकी घरं बघायची सवय लागलेल्या माणसांना कुणी राजवाड्याची किल्ली हातात दिली तर ती जशी गोंधळतील, तशी ही माणसं गोंधळली होती.

"ह्याला कुल्लेच नाहीत," डेस्मंड शेवटी म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

स्पिरोने सांगितलं की काल संध्याकाळी दुकानात याने चौघांचे बटाटे संपवले आणि वर स्वतःच्या कागदातला मासा त्यांना वाटला. असा प्रकार त्याच्या हिशेबात आजवर कुठेच बसलेला नव्हता, त्यामुळे स्पिरोही हबकला होता. नाव पहिल्याच दिवशी तोडून झालं होतं. मायोमचा 'मेयो' झाला होता.

"तुझं बरंय व्हाल्मा," डेस्मंड म्हणाला. "आयता नंबर. उसवायला नको, शिवायला नको."

"हा नंबर जायचा आहे."

"जाय गेला गं."

"कोटावरून नाही गेला," ती म्हणाली, खुर्ची उघडून बसली आणि मैदानाकडे पाठ होईल अशी किंचित वळलीसुद्धा. मैदानावर येऊन मैदानाला पाठ दाखवणारी बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली. स्पिरो तिला वडी मागायला आला होता, तो न मागताच परत गेला.

तिच्या शेजारी कुंपणाला कोपर टेकवून एक तरुण उभा होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, गालावर चार दिवसांची दाढी, बुटांवर पांढरी सिमेंटची धूळ. कुणीतरी कामावरून डोकावलेला असणार म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. मग पायाजवळचा एक शंकू वाऱ्याने कोलमडला आणि त्याने कुंपणाखालून हात घालून तो सरळ केला. व्हाल्माने वर पाहिलं.

"जाय?"

"हळू बोला," तो म्हणाला. "मी आलेला नाहीये इथे."

तिने वड्यांचा डबा उघडला, थर्मासचं झाकण भरून चहा पुढे केला, आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. क्लब कसा नीच, नंबर कसा देऊन टाकला, तिने मासे कसे सोडले. जायने वडी खाल्ली. आता मेहुण्याबरोबर फरश्या बसवायच्या कामाला जातो म्हणाला. काम बरं आहे, फक्त उकिडवं बसलं की मांडी ओढते. मग तो मैदानाकडे बघत राहिला. नव्या एकतीसवरून त्याची नजर हलत नव्हती.

"त्यालाच बघायला आलो होतो," तो म्हणाला. "चांगला आहे. माझ्यापेक्षा फार चांगला."

"असेल. मला काय त्याचं?"

"तुम्ही त्याला पाठीवर घेणार का?"

"मेले तरी नाही."

जायने सुस्कारा सोडला. "बरं झालं. नकाच घेऊ."

व्हाल्मा सुखावली. पोराला अजून आपला नंबर आपलाच वाटतो, आपल्यासारखंच त्यालाही लागलंय, असा तिने अर्थ घेतला. तिने त्याच्या हातावर थोपटलं. तू काळजी करू नकोस, तुझी जागा कुणाला देत नाही मी, असं काहीसं म्हणाली. जायने हात काढून घेतला नाही. पण त्याची मान खाली गेली आणि तो बुटाच्या टोकाने गवत उकरू लागला.

"तसं नाही व्हाल्मा. तुम्हाला राग येईल."

"तुझा? कशाला येईल?"

"बेंडिगोचा सामना आठवतो?"

न आठवायला काय झालं होतं? तिचा चेहरा उजळला. ती गोष्ट सुरू करणार, तोच तो बोलू लागला. हळू, शब्द निवडत, आणि मध्ये मध्ये हसत, जणू कुणा दुसऱ्याची फजिती सांगतोय.

"सामन्याआधी नुसतं अंग मोकळं करत होतो. तेव्हाच मांडीत मागून टचकन लागलं. फिजिओ आला, म्हणाला, कसं वाटतंय, खरं सांग. मी म्हणणार होतो, नाही जमणार. शब्द ओठांवर होता हो. आणि तुमची हाक आली. बघितलं तर कुंपणाशी तुम्ही. केस भिजून कपाळाला चिकटलेले, कोट भिजून गुडघ्यापर्यंत लोंबतोय, आणि एका हाताने खुबा धरलाय. म्हटलं, ही बाई एवढ्या लांबून माझ्यासाठी आली. हिच्यासमोर मी बाकावर कसा जाऊन बसू? फिजिओला म्हटलं, ठीक आहे, काही नाही झालेलं."

व्हाल्माने वड्यांच्या डब्याला झाकण लावलं.

"मग मध्यात पडलो तेव्हा तर कळलंच होतं मला. हाडापासून सुटल्यासारखं झालं. पडूनच राहणार होतो मी."

पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. पुढचं तिनेच सगळ्या ब्रॅम्लीला सांगितलं होतं. ऊठ एकतीस, ऊठ. केकबरोबर, चहाबरोबर, बसस्टॉपवर, नवऱ्याच्या थडग्याशी फुलं ठेवतानासुद्धा सांगितलं होतं. माझ्या हाकेने उठला.

तिच्या कानांत शिट्ट्या, आरडाओरडा, सगळं लांब गेल्यासारखं झालं.  रडू येईल असं वाटलं, तेही येईना. मग लाज आली, ती मात्र भरभरून आली. कोटाचा मांडीवरचा भार एकदम जाणवला आणि तो कुठे ठेवावा हे कळेना.

"तू बोलला का नाहीस रे?" तिला कसंबसं विचारता आलं.

"कसं बोलणार? पोस्टरवर फोटो आपला. दर सामन्याआधी पोरं म्हणायची, आजी आलीय, आज नीट खेळ. तुम्ही नाही आलात त्या दिवशी मला बरं खेळता यायचं, ठाऊक आहे? मग लाज वाटायची की असं काय वाटतंय मला." तो पुन्हा हसला. "माझी चूक आहे. सांगायला हवं होतं. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि गाढव होतो. तुम्हाला दोष द्यायला नाही आलो मी. पण हा अठराचा आहे. त्याच्या पाठीवर तुम्ही नका बसू."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं आणि तो स्वतःच चपापला. कोण कुणाला पाठीवर घेतं, हे इतकी वर्षं व्हाल्मा उलटंच समजत आली होती.  तिने खुर्ची वळवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मैदानाकडे नीट पाहिलं.

मैदानात आता पळापळीचा शेवटचा भाग चालला होता. नवी पोरं एका रांगेतून सुटत, दूरच्या खांबापर्यंत जीव तोडून पळत, चेंडू उचलत आणि परत येत. मायोमची पाळी आली. तो पळाला, आणि त्याला पळताना बघणं म्हणजे खरोखरच तोंडात बोट घालायची गोष्ट होती. कुंपणावरचे सगळे उभे राहिले. खांबाजवळ वाकून त्याने चेंडू उचलला, वळला, आणि दोन ढांगांवर त्याचा हात झटकन मागे, मांडीकडे गेला.

क्षणभरच. तो गुडघ्यावर बसला.

कुंपणातून एकदम ओरडा उठला. बगळ्यांना राजवाडा मिळाला होता, तो असा पहिल्याच दिवशी कोसळू द्यायला कुणी तयार नव्हतं. "चल मेयो! ऊठ गड्या!" डेस्मंडचा आवाज सर्वांत वर होता. स्पिरो टाळ्या वाजवू लागला. मग सगळेच टाळ्यांचा ठेका धरून "ऊठ, ऊठ" करू लागले. मायेने, अगदी मनापासून. पोराने मान वळवून कुंपणाकडे पाहिलं. एवढी माणसं, सगळी त्याच्यासाठी उभी. त्याने मांडीवरचा हात काढला, हसला, उठला, आणि काही झालंच नाही अशा चालीने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. फिजिओ अर्ध्या वाटेवर आला होता. पोराने लांबूनच अंगठा दाखवला, आणि फिजिओ थांबला.

व्हाल्माने ते हसू पाहिलं. बेंडिगोला पावसात तिला ते दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी तिने त्याला शौर्यच म्हटलं असतं. तिने शेजारी पाहिलं. जाय पांढराफटक पडला होता. त्याने कुंपणाची नळी दोन्ही हातांनी धरली होती. त्याला ओरडणं शक्यच नव्हतं, तो तर इथे आलेलाच नव्हता.

व्हाल्मा उठली. मांडीवरचा कोट गवतात पडला.

"एकतीऽऽऽस!"

कुंपणाला वाटलं, आली एकदाची वाटेवर. डेस्मंडने तर मागे वळून टोपी हलवली. मायोमने दचकून पाहिलं. हा आवाज त्याने टीव्हीवर ऐकला असणार.

"बाहेर हो! मांडी गेलीय तुझी! खोटा अंगठा दाखवू नकोस, बाहेर हो!"

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. मैदानावरचा सराव थांबला. प्रशिक्षकाने शिट्टी तोंडातून काढली.

"अहो फिजिओ! त्याला विचारू नका, तो नाहीच म्हणेल! आडवा पाडा आणि पाय उचलून बघा!"

फिजिओने एकदा या म्हातारीकडे आणि एकदा पोराकडे पाहिलं. मायोम मान हलवत होता, काही नाही, काही नाही. तरी फिजिओने त्याला गवतावर निजवलं, टाच धरली आणि पाय हळूहळू वर नेला. निम्म्या उंचीवरच पोराचा चेहरा असा झाला की लांबून, कुंपणापलीकडूनही कुणाला शंका उरली नाही. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो आत गेला. जाताना त्याने कुंपणाकडे पाहिलं नाही.

मग कुंपणाने जो गिल्ला केला तो काही विचारू नका. गेल्या कित्येक वर्षांत मिळालेलं एकमेव सोनं या बाईने पहिल्याच सकाळी हाकलून दिलं, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने तिच्या वयाचा उद्धार केला. जुन्या एकतीसचा सूड उगवतेय ही, दुसरं काय, असंही कुणी बोललं, आणि ते अनेकांना पटलं. डेस्मंड टोपी काढून तिच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने व्हाल्माला कुणाला खाली बसवताना पाहिलं नव्हतं.

"अगं, काय करून बसलीस?" तो जवळ येऊन म्हणाला. "पोरगं उठलं होतं की! तूच सांगतेस ना बेंडिगोची गोष्ट?"

"ती गोष्ट पुन्हा सांगायची नाही," व्हाल्मा म्हणाली. "तुला पाठ असली तरी नाही."

डेस्मंडने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टोपीखालच्या तरुणाकडे पाहिलं, आणि त्याला ओळख पटली. पोस्टमनगिरीत जन्म गेलेला माणूस, कुठल्या दारात थांबायचं नाही हे त्याला बरोबर कळे. तो स्पिरोला ओढून घेऊन गेला.

व्हाल्मा खुर्चीत बसली.  जायने गवतातला कोट उचलला, झटकला आणि तिच्या गुडघ्यांवर ठेवला.  मैदानवाला एकटाच शंकू गोळा करत फिरत होता.

"तुझ्या वेळी मला दिसलं नाही रे," ती म्हणाली.

"मी दिसू दिलं नाही."

तिने मान हलवली, पण ते काही तिला पुरेसं वाटलं नाही, आणि वाटावं असं त्यात काही नव्हतंही. पिशवीत हात घालून तिने छोटी कात्री काढली. दर डिसेंबरात कुंपणावरच्यांच्या पाठी शिवायला ती आणत असे तीच. कोट उलटा करून तिने कात्रीसकट त्याच्या हातात दिला.

"हे काढ," ती म्हणाली. "माझ्याने होणार नाही, डोळ्यांना दिसत नाही." डोळ्यांना चांगलं दिसत होतं. जायला ते माहीत होतं.

तो तिच्या खुर्चीशेजारी गवतात बसायला गेला. बसताना मांडी ओढली, तशी त्याने तोंड वाकडं केलं, आणि या वेळी ते लपवलं नाही. मग एका पायाला आधार देत नीट बसला आणि तीनच्या टोकापासून उसवू लागला. कात्रीचं टोक आत शिरेना. एक टाका तोडावा तर खाली दुसरा, तो तोडावा तर त्याखाली तिसरा. बऱ्याच खटपटीनंतर बोटभर कापड सुटलं.

"इतकं घट्ट कुणी शिवतं का हो?" त्याने वर बघून विचारलं.

"सुटू नये म्हणून," व्हाल्मा म्हणाली.